अतिजड रणगाड्यांच्या प्रतिकृती : पुरावा, तर्क आणि कल्पना

विषयाची व्याप्ती

मूळ वाहन जसे होते तसे लहान आकारात उभे करणे, हे रणगाड्याची प्रतिकृती जोडणाऱ्याचे उद्दिष्ट असते. शर्मन, टी-34 किंवा आवडी येथे बनलेला भारतीय विजयंत यांच्या बाबतीत ते कष्टाचे असले तरी स्पष्ट असते. ही वाहने हजारोंनी बनली, वर्षानुवर्षे वापरात राहिली, त्यांची भरपूर छायाचित्रे आहेत आणि कित्येक आजही संग्रहालयांत उभी आहेत. अतिजड प्रायोगिक रणगाड्यांचे तसे नाही. काहींचे एक-दोन नमुनेच बनले, काहींचा फक्त खालचा सांगाडा तयार झाला आणि काही कागदावरून उठलेच नाहीत. तरीही गेल्या दीड दशकात त्यांची प्लॅस्टिक किट मोठ्या संख्येने बाजारात आली आहेत. जे वाहन धड अस्तित्वात आले नाही त्याची प्रतिकृती 'बरोबर' आहे की 'चूक', हे कशावरून ठरवायचे, हा या छंदातला मुख्य वाद आहे. किटची रचना, रंग, खुणा आणि झिजेचा आभास यांबद्दलचे बहुतेक मतभेद याच प्रश्नाशी येऊन थांबतात.

अतिजड म्हणजे किती जड

या वर्गाची सर्वमान्य अशी वजनाची सीमा नाही. फ्रान्सचा शार 2सी हा सुमारे 69 टनांचा रणगाडा 1921 मध्ये सेवेत आला. त्याच सैन्यातला रेनो एफटी जेमतेम सात टनांचा असल्यामुळे तो त्या काळी महाकाय ठरला. आजचा भारतीय अर्जुन मार्क 1ए त्याच्याइतकाच, म्हणजे 68 टनांच्या आसपास आहे. पण त्याची गणना मुख्य रणगाड्यांतच होते. सोव्हिएत संघाचा ऑब्जेक्ट 279 तर 60 टनांचाच होता, तरी प्रतिकृतीकार त्याला हमखास याच गटात बसवतात.

त्यामुळे वजनाच्या आकड्यापेक्षा वाहनाचा त्याच्या काळातल्या रस्त्यांशी आणि पुलांशी काय संबंध होता, ही कसोटी अधिक उपयोगी पडते. आपल्या काळचे पूल, रेल्वेच्या वाघिणी आणि दुरुस्तीची वाहने ज्याला पेलू शकत नाहीत तो अतिजड, असे म्हटले की बहुतेक उदाहरणे नीट लागतात. ही अडचण भारतालाही नवी नाही. अर्जुनच्या वजनामुळे पूल आणि वाहतूक हे विषय त्याच्या चर्चेत नेहमीच येत राहिले. पुण्याजवळ दिघी येथील आर अँड डीई (अभियंता) या संस्थेने विकसित केलेला 'सर्वत्र' हा फिरता पूल 70 च्या भारवर्गाचा आहे. पुढे ज्याची चर्चा येते त्या जर्मन माउससारख्या 188 टनांच्या वाहनापुढे अशा कोणत्याही पुलाचा उपयोग झाला नसता.

मूळ वाहनांची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जर्मनीत सुमारे 120 टनांच्या के-वॅगनची बांधणी सुरू होती. नोव्हेंबर 1918 मध्ये युद्ध थांबले तेव्हा दोन गाड्या जवळजवळ पूर्ण झाल्या होत्या. त्या मोडीत काढण्यात आल्या. शार 2सी चे दहा नग बनले. 1940 च्या जूनमध्ये ते रेल्वेने हलवले जात असताना मार्ग अडला आणि बहुतेक गाड्या त्यांच्याच सैनिकांना उडवून द्याव्या लागल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या उत्तरार्धात मात्र असे प्रयत्न अनेक देशांत एकाच वेळी चालले होते. ब्रिटनने तटबंदी फोडण्यासाठी 'टॉर्टस' हा 79 टनांचा रणगाडा आखला. त्याचे सहा नग युद्ध संपल्यानंतर तयार झाले. अमेरिकेच्या टी-28 चे दोनच नग बनले. त्याला दोन्ही बाजूंना दुहेरी ट्रॅक होते. बाहेरचे ट्रॅक काढून, एकमेकांना जोडून गाडीमागे ओढत नेता येत. त्यांपैकी एक गाडी चाचणीत आगीने निकामी झाली. दुसरी 1974 मध्ये व्हर्जिनियातील फोर्ट बेल्व्हॉरच्या आवारात झाडोऱ्यात पडलेली सापडली.

प्रतिकृतीकारांच्या दृष्टीने या सगळ्यांत महत्त्वाचा आहे तो जर्मनीचा 'माउस'. हिटलरने 1942 मध्ये फर्डिनांड पोर्श यांच्याकडे हे काम सोपवले. गाडीचे वजन 188 टन भरले, म्हणजे चार विजयंतांहून जास्त. मुख्य तोफ 128 मिमीची आणि तिच्या शेजारी 75 मिमीची दुसरी. इंजिन थेट ट्रॅक फिरवत नसे. ते जनित्र चालवी आणि त्या विजेवरच्या मोटारी गाडी पुढे नेत. रेल्वेने नेता यावी म्हणून गाडीची रुंदी 3.7 मीटरच्या आत ठेवावी लागली. प्रत्येक ट्रॅक मात्र 1.1 मीटर रुंद होता. साहजिकच रुंदीतला मोठा भाग ट्रॅकनी व्यापला आणि यंत्रसामग्री मधल्या अरुंद जागेत कोंबावी लागली. कोणताही पूल भार सोसणार नव्हता, म्हणून नदीच्या तळावरून जाण्याची योजना होती. काठावर उभ्या असलेल्या दुसऱ्या माउसने केबलमधून बुडालेल्या माउसला वीज पुरवायची, असे ठरले होते. या आखणीत हुशारी दिसते आणि हतबलताही दिसते.

डिसेंबर 1943 मध्ये पहिली गाडी चालू लागली. ब्योब्लिंगेन येथील चाचण्यांत तिच्यावर खऱ्या टरेटऐवजी (तोफेच्या फिरत्या बुरुजाऐवजी) तेवढ्या वजनाचा भार होता. खरे टरेट 1944 मध्ये दुसऱ्या गाडीवर बसले. 1945 मध्ये दुसरी गाडी कुमर्सडॉर्फ परिसरात स्फोटाने उडवून देण्यात आली, पण तिचे टरेट वाचले. सोव्हिएत सैन्याने ते पहिल्या गाडीच्या सांगाड्यावर चढवले आणि ही जोडगाडी मॉस्कोजवळच्या कुबिंका येथे नेली. जगातला एकमेव शिल्लक माउस तो हाच. युद्धकाळात या स्वरूपाची गाडी कधीच धावली नव्हती. त्यामुळे संग्रहालयातले वाहन हुबेहूब उतरवणारा प्रतिकृतीकार 1946 नंतरची गाडी बनवत असतो, 1944 ची नव्हे.

जर्मनीच्याच ई-100 चा पुरावा याहून तोकडा आहे. त्याचा अपुरा सांगाडा पाडरबोर्नजवळ हाउस्टेनबेक येथे दोस्त सैन्याच्या हाती लागला, ब्रिटनला गेला आणि पुढे भंगारात निघाला. त्याच्यावर टरेट कधी चढलेच नाही. जर्मनीचाच हजार टनांचा 'राटे' रेखाटनाच्या टप्प्यावरच 1943 मध्ये थांबवण्यात आला.

किटची वाटचाल

तामिया या किट कंपनीने 1961 मध्ये पँथर रणगाड्याचे मोटारवर चालणारे किट काढले. आत गिअरबॉक्स आणि बॅटऱ्या बसाव्यात अशा हिशेबाने त्याचा आकार ठरला आणि त्यातून 1:35 हे प्रमाण रूढ झाले. पुढची कित्येक वर्षे मोठ्या कंपन्या ओळखीच्या, युद्धात लढलेल्या रणगाड्यांवरच भर देत राहिल्या. एका किटच्या पोलादी साच्यांवर मोठी रक्कम गुंतते. कोणी न पाहिलेल्या वाहनासाठी ती घालणे व्यवहाराचे नव्हते. ड्रॅगनचा माउस आणि ट्रम्पेटरचा ई-100 यांनी 1:35 मध्ये ही कोंडी फोडली. पुढे मेंगने शार 2सी आणि टॉर्टस, ड्रॅगनने टी-28, ताकोम आणि पांडा हॉबी यांनी ऑब्जेक्ट 279 आणला. ताकोमने माउसच्या दोन्ही गाड्यांची वेगवेगळी किटही काढली. 1:72 मध्ये मॉडेलकलेक्टचे माउस आणि ई-100 मिळू लागले.

या लाटेमागची दोन कारणे साधारणपणे मान्य झालेली आहेत. संगणकावरील आरेखनामुळे चीनमध्ये साचे बनवणे सुलभ झाले, हे एक. 2010 मध्ये आलेल्या 'वर्ल्ड ऑफ टँक्स' या खेळाने प्रायोगिक आणि कागदी रणगाडे लाखो तरुणांच्या ओळखीचे केले, हे दुसरे. या दुसऱ्या कारणाने एक गुंता निर्माण केला. खेळात दिसणारा ई-100 हाच खरा ई-100 अशी समजूत पसरली. खेळ तयार करणाऱ्यांनी अपुऱ्या पुराव्यातल्या फटी आपल्या सोयीने भरलेल्या असतात, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही.

जपानच्या ओ-आय रणगाड्याची हकिगत उलट दिशेची आहे. शंभर टनांहून जड अशा या वाहनाबद्दल अनेक दशके ऐकीव माहितीच फिरत होती. फाइन मोल्ड्स या प्रतिकृती कंपनीला त्याची मूळ कागदपत्रे उपलब्ध झाली आणि 2015 च्या सुमारास तिने 1:72 चे किट काढले. इतिहासकारांच्या आधी किट बनवणाऱ्याने एका वाहनाचे रूप निश्चित केले, असे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

तीन भूमिका

पहिली भूमिका पुराव्याला बांधील राहणाऱ्यांची. छायाचित्र, कारखान्याचे रेखाचित्र किंवा प्रत्यक्ष वाहन यांत जे दिसते तेवढेच करावे, असे ते मानतात. ब्योब्लिंगेनचा माउस करायचा तर त्यावर टरेट नको, भार हवा. ई-100 करायचा तर हाउस्टेनबेकला सापडला तसा, टरेटविना, गंजविरोधी प्राइमरच्या लाल रंगात. प्रतिकृतीला संदर्भवस्तूचे मोल येते ते याच पद्धतीने. पण राटेसारख्या वाहनांपुढे ही भूमिका थांबते, आणि कठोरपणे पाळली तर किटमधले अर्धे भाग खोक्यातच राहतात.

दुसरी भूमिका अभियांत्रिकी तर्काची. रेखाचित्रात जे अपुरे राहिले ते त्याच कारखान्याच्या, त्याच काळातल्या सवयींवरून पूर्ण करता येते, असे ही मंडळी म्हणतात. क्रुप कंपनीने माउससाठी टरेट कसे बनवले हे माहीत आहे. त्याची सुधारित, हलकी आवृत्ती ई-100 साठी विचारात होती. मग बिजागऱ्या, उचलण्याचे हूक, वेल्डिंगच्या रेघा, दुर्बिणीचे झाकण कसे असेल याचा अंदाज बांधणे अवघड नाही. बहुतेक कंपन्यांची किट प्रत्यक्षात याच मार्गाने तयार होतात, मग खोक्यावर तसे छापलेले असो वा नसो. या भूमिकेचे बळ अभ्यासात आहे. तिचा धोका असा की चांगला बसलेला अंदाज काही वर्षांनी पुरावा म्हणून उद्धृत होऊ लागतो.

तिसरी भूमिका मोकळ्या कल्पनेची. युद्ध 1946 मध्येही चालू असते तर काय झाले असते, या गृहीतावर ही प्रतिकृती उभी राहते: राटेवर विमानविरोधी तोफा, माउसवर अवरक्त दिव्यांची दुर्बीण, बर्फाळ छावणी. हिच्यावर अनैतिहासिक म्हणून टीका होते. पण इथले कारागीर सहसा कोणाला फसवत नाहीत. आपण कल्पना करतो आहोत हे ते उघड सांगतात. रंगकाम आणि रचना यांत या गटाचे काम अनेकदा सर्वांत सरस असते, हेही मान्य करायला हवे.

नीट पाहिले तर या भूमिका एकमेकींना छेद देत नाहीत. वाद चिघळतो तो प्रतिकृती कोणत्या भूमिकेतून बनवली हे न सांगता ती मांडली जाते तेव्हा.

रंग, झीज आणि खुणा

रंगाचा प्रश्न आकारापेक्षा कठीण आहे, कारण उपलब्ध छायाचित्रे जवळजवळ सगळी कृष्णधवल आहेत. 1943 च्या आरंभापासून जर्मन रणगाड्यांचा पायाभूत रंग गडद पिवळा ठरला आणि त्यावर हिरवे व तपकिरी पट्टे मारले जात. पण चाचणीच्या गाडीला हा नियम लागू झाला होता का, आणि कोणत्या महिन्यात, हे छायाचित्रातल्या करड्या छटांवरून खात्रीने वाचता येत नाही. संग्रहालयातल्या रंगाचाही आधार धरता येत नाही, कारण तो नंतरचा असतो.

झिजेबाबत अलीकडे मत हळूहळू बदलत आहे. गंजाचे ओघळ, गोळ्यांच्या खुणा आणि उडालेला रंग ही वर्षानुवर्षे रंगकामाची शोभा मानली गेली. चाचणीच्या मैदानावर काही किलोमीटर चाललेल्या गाडीवर चिखल असेल, तेल सांडलेले असेल, मोजमापाच्या खडूच्या खुणा असतील. लढाईचे घाव नसतील. अतिजड गाड्यांच्या सपाट, प्रचंड पोलादी पाट्यांवर करण्यासारखे फारसे काही नसते, म्हणून कारागीर जास्तीची झीज रंगवून ती रिकामी जागा भरून काढतो. पाट्यांच्या कडांवर कापणीच्या ज्योतीने उमटलेल्या रेषा आणि वेल्डिंगचा पोत दाखवणे हा प्रामाणिक पर्याय आहे, आणि तो अधिक कौशल्य मागतो.

खुणांच्या बाबतीत एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. जर्मन रणगाड्यांवर नेहमी दिसणारी खूण म्हणजे काळा-पांढरा सरळ क्रॉस. नाझी स्वस्तिक बहुधा विमानांच्या शेपटीवर किंवा विमानांना ओळख पटावी म्हणून रणगाड्यावर पसरलेल्या झेंड्यावर असे. जर्मनीत त्याच्या जाहीर प्रदर्शनावर कायदेशीर बंदी असल्याने तिकडे किटच्या खोक्यांवरून ते वगळले जाते. काहींना प्रतिकृतीत ते असणे इतिहासाशी प्रामाणिकपणा वाटतो, काहींना ते अत्याचारी राजवटीचे अनवधानाने केलेले उदात्तीकरण वाटते. अतिजड गाड्यांपुरता हा वाद सहज टाळता येतो, कारण या गाड्यांना त्या खुणेची गरजच नसते.

प्रमाण आणि जागा

1:35 मधला माउस सुमारे 29 सेंमी लांब आणि साडेदहा सेंमी रुंद होतो. पुस्तकांच्या फळीवर तो मावतो. राटेची आखलेली लांबी 35 मीटर होती. 1:35 मध्ये ती बरोबर एक मीटर, 1:72 मध्ये साधारण 49 सेंमी आणि ताकोमने निवडलेल्या 1:144 मध्ये 24 सेंमी भरते. लहान प्रमाणात वाहनाचा दरारा हरवतो, ही तक्रार खरी आहे. तिच्यावर जुना उपाय आहे: त्याच प्रमाणातला नेहमीचा रणगाडा किंवा माणूस शेजारी उभा करायचा.

नाशिकमधली स्थिती

नाशिकच्या प्रतिकृतीकाराला एक मोठी सोय आहे. सिन्नर, शिर्डी, राहुरीमार्गे काही तासांच्या अंतरावर अहिल्यानगर येथे आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलचे कॅव्हलरी टँक म्युझियम आहे. ते 1994 मध्ये सुरू झाले. तिथे मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल, विजयंत, पाकिस्तानकडून जिंकलेला पॅटन, जपानी हा-गो आणि ची-हा पाहायला मिळतात. अतिजड रणगाडा तिथे एकही नाही, पण शिकण्यासारखे पुष्कळ आहे. ओतीव पोलादाचा खरखरीतपणा, जाड पाट्यांचे जोड, ट्रॅकच्या कडीवर माती कुठे साचते, उन्हात रंग कसा पिकतो, हे छायाचित्रातून समजत नाही. नाशिकरोडच्या तोफखाना केंद्राचे संग्रहालय तोफेच्या नळीसाठी आणि मागच्या यंत्रणेसाठी तितकेच उपयुक्त आहे. दोन्ही ठिकाणे लष्करी हद्दीतली असल्याने प्रवेश आणि छायाचित्रणाचे नियम आधी विचारून घ्यावे लागतात.

खर्चाची बाजू बिकट आहे. सीमाशुल्काच्या वर्गवारीत प्रमाणबद्ध प्रतिकृती खेळण्यांसोबत 9503 या शीर्षाखाली येतात. खेळण्यांवरील मूळ शुल्क 2020 च्या अर्थसंकल्पात 20 वरून 60 टक्के आणि 2023 मध्ये 70 टक्के करण्यात आले. देशी खेळणी उद्योगाला संरक्षण देणे हा त्यामागचा हेतू होता. 1:35 च्या माउसचे किट मुलांच्या खेळण्याशी स्पर्धा करत नाही, हा प्रौढ छंदिष्टांचा मुद्दा वाजवी आहे. मात्र सीमेवर दोन्हींत रेघ कशी आखायची याचे सोपे उत्तर कोणाकडे नाही. रंगांची अडचण वेगळीच आहे. ज्वलनशील लॅकर हवाई टपालाने सहसा येत नाहीत, म्हणून इथले बहुतेक काम पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिकवर चालते.

हवामानाचेही आपले नियम आहेत. आषाढ-श्रावणातल्या दमट हवेत लॅकर मारला तर पृष्ठभागावर पांढुरकी झाक येते. वैशाखात एअरब्रशमधला ॲक्रिलिक सुईच्या टोकावरच वाळतो. कार्तिक ते माघ हे कोरडे, थंड महिने रंगकामाला उत्तम. पावसाळा जोडणी, पुट्टी आणि घासकामासाठी ठेवणारे शहाणे ठरतात.

या भागातली माती या विषयाला एक अभ्यासाचे अंगही देते. निफाडकडची गोदाकाठची काळी माती भिजली की ट्रॅक्टरही रुतवते. अर्जुनचा जमिनीवरचा दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 0.85 किलो आहे; माउसचा 1.4 किलोच्या आसपास सांगितला जातो. चार ट्रॅकवर चालणाऱ्या ऑब्जेक्ट 279 चा तो 0.6 किलोच होता, कारण दलदल आणि खोल बर्फ हेच त्याचे नियोजित रणांगण होते. प्रतिकृतीच्या तळपाटावर ट्रॅकच्या खुणा किती खोल उमटवायच्या, हे या आकड्यांवरून ठरवता येते. तळपाटावर सहसा अंदाजानेच काम होते. तिथे गणित आणले तर इतर चुकाही दिसू लागतात.

अनिर्णित प्रश्न

काही बाबी अजून मोकळ्याच आहेत. कुबिंकाच्या माउसमधली बरीच यंत्रसामग्री आता जागेवर नाही, म्हणून आतील भागाची किट किती विश्वासार्ह मानायची हे ठरलेले नाही. ई-100 च्या तोफेबद्दल 128 आणि 150 मिमी असे दोन्ही दावे चालू आहेत. त्रिमितीय छपाईमुळे घरबसल्या भाग बनवता येऊ लागले आहेत, पण ज्याने आरेखन केले त्याने कोणत्या रेखाचित्रावरून केले हे बहुधा नोंदलेले नसते. अंदाज पुराव्याच्या वेशात फिरण्याचा धोका त्यामुळे वाढतो. सातपूर आणि अंबडमध्ये वाहन उद्योगासाठी अचूक प्लॅस्टिक साचे बनवणारे कसबी हात आहेत. त्यांनी विजयंत किंवा अर्जुनचे किट करावे अशी इच्छा या वर्तुळात नेहमी व्यक्त होते. साच्याचा खर्च भरून निघेल इतके ग्राहक मिळतील का, हा प्रश्न मात्र तसाच उरतो.

प्रदर्शनांपुरता एक तोडगा मात्र हाताशी आहे. प्रत्येक प्रतिकृतीसोबत एक लहान चिठ्ठी असावी: कोणते भाग छायाचित्रावरून केले, कोणते तर्काने भरले, कोणते निव्वळ कल्पनेचे आहेत. एवढ्याने तिन्ही भूमिकांची कामे एका टेबलावर शेजारी ठेवता येतील आणि परीक्षकालाही न्याय करता येईल.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने 1:72 चा माउस घ्यावा. त्याचे भाग मर्यादित आहेत, किंमत 1:35 च्या किटपेक्षा कमी पडते आणि या सर्व गाड्यांत त्याच्याइतका पुरावा फार थोड्यांचा आहे. ई-100 त्यानंतर करावा, आणि राटे सर्वांत शेवटी.